वर्धापनदिनाची क्रोनोग्राफ आवृत्ती घ्यावी की मूळ जुनं घड्याळ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका नावाजलेल्या क्रोनोग्राफला (स्टॉपवॉचची सोय असलेल्या घड्याळाला) ६० वर्षं झाली म्हणून कंपनीने जुन्या रूपातली मर्यादित आवृत्ती काढली आहे आणि ती तुमच्या मनात भरली आहे. पण जवळपास तेवढ्याच पैशांत साठच्या दशकातलं मूळ घड्याळही मिळतंय. घड्याळ रोज घालायचंय, आणि ‘मर्यादित’ आहे म्हणून पुढे भाव चढेल का, हेही तुम्हाला हवंय. मॉडेलचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे ‘हे घ्या, ते नको’ असं एका ओळीत सांगता येणार नाही. यांत्रिक घड्याळं, त्यातही क्रोनोग्राफ, उघडून साफ करून परत जोडणं हा माझा रोजचा धंदा आहे. मूळ घड्याळंही टेबलावर येतात आणि त्यांच्या नव्या आवृत्त्याही. त्या अंदाजाने लिहितो.

माझ्या मते नवं की जुनं यावर तुमचा निर्णय अडलेला नाही. नव्या आवृत्तीने जुन्यातलं नेमकं काय उचललंय आणि काय सोडून दिलंय, हे आधी बघायला हवं. तीन काट्यांच्या साध्या घड्याळात हा प्रश्न फारसा येत नाही. काटे मधोमध असतात, खाली कुठलंही मशीन बसवलं तरी वरून पत्ता लागत नाही. क्रोनोग्राफचं तसं नाही. मिनिटं मोजणारी छोटी तबकडी कुठे येणार, चालू सेकंदाचा काटा कुठे फिरणार, बटणं किती उंचीवर बसणार, हे सगळं आतली चाकं ठरवतात. भिंतीवर नळ कुठे येणार हे आतल्या पाइपांनी ठरवावं, तसंच. म्हणून क्रोनोग्राफची तबकडी नीट वाचता आली की झाकण न उघडताही बरंच काही कळतं.

साठच्या दशकातल्या बऱ्याच चांगल्या क्रोनोग्राफमध्ये वालजू ७२ हे मशीन असायचं. हाताने चावी द्यायची, ताशी १८,००० ठोके (आतल्या झुलत्या चाकाची टिकटिक), आणि छोट्या तबकड्या ३, ६ आणि ९ या आकड्यांच्या जागी. १९६३ ची हॉयर कंपनीची कॅरेरा, रेफरन्स (मॉडेल क्रमांक) २४४७, त्याच मशीनवरची. पुढे सत्तरच्या दशकात वालजू ७७५० आलं. ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं), ताशी २८,८०० ठोके, दणकट, मोठ्या संख्येने बनवायला सोपं. आजही असंख्य कंपन्यांची घड्याळं त्याच्यावर किंवा त्याच्या भावंडांवर चालतात. पण ७७५० च्या छोट्या तबकड्या १२, ६ आणि ९ वाजता येतात. म्हणजे मूळ घड्याळ ३-६-९ चं असेल आणि वर्धापनदिनाच्या आवृत्तीत तबकड्या १२-६-९ ला दिसल्या, तर समजा की नाव आणि रंग परत आलेत, घड्याळ नाही. ३-६-९ हवंच म्हणून काही कंपन्या ७७५३ घेतात. ते मशीन चांगलंच आहे, पण त्याच्या तारखेची दुरुस्ती चावीने होत नाही. त्यासाठी १० च्या जागी केसमध्ये (घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या डब्यात) एक बारीक बटण असतं, टोकदार काडीने दाबायचं. मूळ घड्याळाच्या फोटोत डाव्या कडेला काहीच नाही आणि नव्यात १० वाजता एक ठिपका, असं दिसलं तर तो ठिपका कशाचा हे आता तुम्हाला माहीत आहे.

मशीन लहान आणि केस मोठी, ही त्याहून जास्त आढळणारी अडचण. छोट्या तबकड्यांमधलं अंतर मशीनमध्ये पक्कं असतं, ते ताणता येत नाही. जुनं घड्याळ ३६ मिलिमीटरचं असताना त्या तबकड्या कडेपर्यंत छान पसरलेल्या दिसायच्या. तेवढ्याच अंतरावर उभं केलेलं नवं घड्याळ ४२ किंवा ४४ चं असेल तर तबकड्या मध्यभागी गोळा होतात आणि बाहेर रिकामं रिंगण उरतं. हे एकदा डोळ्यात भरलं की मग तेच दिसत राहतं. जाहिरातीतला तिरका, सावल्या पाडलेला फोटो बाजूला ठेवा आणि समोरून सरळ काढलेला फोटो मागवा.

काही कंपन्यांनी हे काम मनापासून केलंय, तेही सांगतो. एल प्रिमेरो नावाचं मशीन झेनिथ कंपनीने १० जानेवारी १९६९ रोजी जाहीर केलं. ऑटोमॅटिक, ताशी ३६,००० ठोके, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग मोजणारं. १९७५ मध्ये वरून हुकूम आला की यांत्रिक मशीनचं उत्पादन बंद, अवजारं मोडीत काढा. तेव्हा शार्ल व्हेर्मो या तिथल्या कारागिराने साचे, अवजारं आणि कागदपत्रं स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल इथल्या कारखान्याच्या माळ्यावर लपवून ठेवली. ऐंशीच्या दशकात ते मशीन पुन्हा बनू लागलं ते त्या सामानामुळे. म्हणून २०१९ मध्ये पन्नाशीनिमित्त ए३८६ हे जुनं मॉडेल परत आणताना झेनिथला फारशी तडजोड करावी लागली नाही. केस तीच ३८ मिलिमीटरची, एकमेकांवर चढलेल्या तीन रंगांच्या तबकड्या तशाच, कारण खालच्या मशीनचा सांगाडाच तो होता. सोन्याच्या तीन रंगांत प्रत्येकी फक्त ५० नग निघाले, हा भाग वेगळा.

ओमेगाचंही उदाहरण घ्या. स्पीडमास्टर १९५७ ची, तिची साठी २०१७ मध्ये. जुन्या घड्याळाचं डिजिटल स्कॅनिंग करून केस ३८.६ मिलिमीटरचीच ठेवली, आत हाताने चावी द्यायचं १८६१ मशीन घातलं. मूळ घड्याळात ३२१ होतं आणि १८६१ काही ३२१ नव्हे. पण दोन्ही लेमानिया या मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या घराण्यातली, त्यामुळे तोंडवळा बिघडला नाही. पुढे ओमेगाने खुद्द ३२१ च पुन्हा बनवायला घेतलं. अपोलो १७ या चांद्रमोहिमेत अंतराळवीर जीन सर्नन यांच्या मनगटावर जे घड्याळ होतं, तेच स्कॅन करून हे मशीन नव्याने उभं केलं, असं कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केलं. ब्राइटलिंगने त्याच वर्षी १९५९ ची नॅव्हिटायमर ८०६ परत काढली, तेव्हा आपल्या ऑटोमॅटिक बी०१ मशीनचा स्वयंचलित भाग काढून हाताने चावी द्यायचं बी०९ वापरलं. हा निर्णय मला फार आवडला. वजनाचा रोटर गेला की मशीन पातळ होतं आणि जुन्या घड्याळाची बाजूची रेषा जवळपास परत मिळते.

उलट बाजूला २०१७ ची ऑटाव्हिया. कुठलं जुनं मॉडेल परत आणायचं याचं मतदान टॅग हॉयरने (हॉयरचंच आजचं नाव) लोकांकडून घेतलं आणि साठच्या दशकातलं २४४६ निवडून आलं. नवं घड्याळ उत्तमच आहे, मशीन कंपनीचं स्वतःचं हॉयर ०२. पण केस ४२ मिलिमीटरची झाली आणि सहाच्या छोट्या तबकडीत तारखेची खिडकी आली, जी मूळ घड्याळात नव्हती. ज्यांना तारीख लागते, त्यांना हे बरंच वाटेल. मला स्वतःला जुन्या तबकडीत नवी खिडकी पाहवत नाही. ही आवडीनिवडीची गोष्ट झाली, दोष म्हणता येणार नाही.

आता दुकानात घड्याळ हातात आल्यावर काय बघायचं ते. सगळ्यात आधी ते आडवं धरा आणि उजवी बाजू डोळ्यांच्या पातळीला आणा. चावी आणि दोन्ही बटणं एका ओळीत आहेत का? एका ओळीत असतील तर बहुतेक वेळा मशीन एकसंध, म्हणजे क्रोनोग्राफसकट एकच बनवलेलं, असतं. चावी मागच्या झाकणाकडे खाली सरकलेली आणि बटणं तबकडीच्या बाजूला वर असतील, तर साध्या ऑटोमॅटिक मशीनवर क्रोनोग्राफचा वेगळा थर चढवलेला आहे. अशा घड्याळात तारीख असली तर ती विहिरीत पडल्यासारखी खोल दिसते, कारण तारखेची चकती खालच्या मशीनवर आणि वर अख्खा क्रोनोग्राफ. थराचं मशीन वाईट असतं असं अजिबात नाही. १९६९ चं गाजलेलं कॅलिबर ११ हे मशीनसुद्धा थराचंच होतं, हॉयर, ब्राइटलिंग, ब्युरेन आणि द्युबुआ देप्राझ या कंपन्यांनी मिळून बनवलेलं. त्याच्या रचनेमुळे चावी डावीकडे गेली आणि हॉयरच्या मोनॅको घड्याळाची तीच ओळख झाली. पण दुरुस्तीच्या बाजूने सांगायचं तर क्रोनोग्राफचा थर बिघडला की अनेक ठिकाणी तो उघडून साफ करत नाहीत, अख्खा बदलून टाकतात. घड्याळ आयुष्यभरासाठी घेणाऱ्याने हे आधीच माहीत करून घ्यावं.

दुसरी खूण फार बारीक आहे आणि भिंगाशिवाय दिसायची नाही, पण मला ती सगळ्यात बोलकी वाटते. तबकडीच्या कडेला दोन सेकंदांच्या खुणांमधले छोटे भाग मोजा. ताशी १८,००० ठोके म्हणजे सेकंदाला ५. त्यामुळे जुन्या घड्याळात एका सेकंदाचे पाच भाग केलेले असत आणि काटा थांबला की बरोबर एखाद्या रेघेवर थांबायचा. जुन्या कॅरेरात ही पाचव्या भागाची पट्टी काचेला आतून ताणून धरणाऱ्या पोलादी कड्यावर छापलेली होती. काच घट्ट बसवायला लागणारं कडं मोजपट्टीच्या कामाला लावलं, त्यामुळे तबकडी मोकळी राहिली. आता नव्या आवृत्तीत २८,८०० ठोक्यांचं मशीन असेल तर काटा सेकंदाला ८ पावलं टाकतो. खाली तीच जुनी पाच भागांची पट्टी छापली असेल, तर काटा बहुतेक वेळा दोन रेघांच्या मधेच थांबणार. तबकडी एक सांगते, मशीन दुसरंच करतं. काळजीने काम केलेल्या घड्याळात चार भाग केलेले असतात. ओमेगाने २०२१ मध्ये नेहमीच्या स्पीडमास्टरमध्ये २१,६०० ठोक्यांचं ३८६१ मशीन घातलं, तेव्हा सेकंदाचे पाचऐवजी तीन भाग छापले, कारण तो काटा सेकंदाला ६ पावलं टाकतो. वापरात याने काडीचा फरक पडत नाही. पण हे ज्यांनी बघितलंय, त्यांनी बाकीच्या गोष्टीही बघितल्या असणार, असा माझा अनुभव आहे.

कॉलम व्हील की कॅम, यावर लोक फार वाद घालतात. कॉलम व्हील म्हणजे बुरुजासारखे खांब असलेलं छोटं चाक, बटण दाबलं की एक घर पुढे सरकतं. कॅम म्हणजे पत्र्याची आकार दिलेली पट्टी, तेच काम करते. कॉलम व्हीलचं बटण सहसा हलकं आणि एकसारखं दाबलं जातं, कॅमचं सुरुवातीला जरा कडक लागतं. पण ७७५० कॅमचंच आहे. ओमेगाने १९६८ मध्ये ३२१ ऐवजी आणलेलं ८६१ सुद्धा कॅमचंच, आणि अवकाशवीरांनी तेही वापरलं. फक्त ‘कॉलम व्हील’ लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका.

रोजच्या वापराला त्याहून जास्त फरक पडतो तो क्लचचा, म्हणजे क्रोनोग्राफला चालू मशीनशी जोडणाऱ्या भागाचा. जुन्या पद्धतीच्या आडव्या क्लचमध्ये क्रोनोग्राफ सुरू करताना एक फिरतं दातेरी चाक बाजूने सरकून दुसऱ्या थांबलेल्या चाकात अडकतं. दाते नीट जुळले नाहीत तर मधला काटा सुरुवातीला किंचित उडी मारतो किंवा थरथरतो. हे स्वाभाविक आहे, बिघाड नाही. उभ्या क्लचमध्ये चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात, त्यामुळे काटा अलगद निघतो. १९६९ च्या सेइको ६१३९ मध्ये असा उभा क्लच होता, आणि हॉयर ०२ किंवा बी०१ सारखी अलीकडची मशीनंही त्याच पद्धतीची. तुम्हाला मधला काटा सतत फिरताना बघायला आवडत असेल तर उभा क्लच बरा. आडव्या क्लचच्या मशीनला दिवसभर क्रोनोग्राफ चालू ठेवला तर मशीनवर ओझं पडतं, बॅलन्सचा (वेळ सांभाळणाऱ्या झुलत्या चाकाचा) झोका कमी होतो आणि वेळेत फरक पडू शकतो. मात्र झाकणातून बघायचं म्हटलं तर आडव्या क्लचचं मशीन जास्त देखणं. उभ्या क्लचचं काम झाकल्या डब्यात चालतं, बघायला काही उरत नाही.

म्हणजे इथवर नव्या आवृत्तीबद्दल एवढं झालं: तबकड्यांच्या जागा मूळ घड्याळाशी ताडून बघा, बाजूने चावी आणि बटणांची रेषा बघा, सेकंदाचे भाग मोजा, क्लच कुठला ते विचारा. या चारही गोष्टी तुम्ही दहा मिनिटांत करू शकता, त्याला घड्याळं दुरुस्त करता यायला हवीत असं नाही.

काचेबद्दल थोडं. जुन्या घड्याळांना ॲक्रिलिकची (एक प्रकारच्या प्लास्टिकची) घुमटी काच असायची, काही नव्या आवृत्त्याही हौसेने तीच ठेवतात. तिच्यावर ओरखडे लगेच पडतात, पण पॉलिशच्या पेस्टने हाताने घासून निघतात, आणि कडेला आकडे जरा वाकडे दिसतात त्यातच मजा आहे. सफायरवर सहजासहजी ओरखडा पडत नाही. पण उंच उभ्या कडेच्या सफायर काचेची कड दगडी कठड्यावर आपटली तर टवका उडतो, आणि मग पूर्ण काच बदलण्यावाचून इलाज नसतो. रोजच्या वापराला दोन्ही चालतील. पाण्याचं मात्र बघून घ्या. जुन्या ढंगाच्या आवृत्त्यांवर बऱ्याचदा ३० किंवा ५० मीटर लिहिलेलं असतं. हात धुणं, पाऊस, इथपर्यंत ठीक, ते घालून पोहायला उतरू नका. आणि पाण्यात असताना क्रोनोग्राफची बटणं कधीच दाबू नका, कंपनीने तशी खास सोय दिली असल्याशिवाय.

नव्या घड्याळावर मुद्दाम आणलेल्या पिवळेपणाबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंय. जुन्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रंग आधी रेडियमचा असे, साठच्या दशकात त्याची जागा ट्रिटियमने घेतली. वयानुसार हा लेप साईच्या रंगापासून गडद तपकिरीपर्यंत कुठेही जातो. आजचा सुपर-ल्युमिनोव्हा हा लेप त्या दोघांसारखा किरणोत्सर्गी नाही, तो पांढराही मिळतो आणि मुद्दाम पिवळसर केलेलाही. पिवळसर लेप मला खटकत नाही. काळ्या तबकडीवर तो डोळ्यांना सौम्य वाटतो, आणि अंधारात चमकायचा तेवढा चमकतोच. पण तबकडीवर छापील डाग, जाणूनबुजून उडवलेला बेझेलचा (काचेभोवतीच्या कड्याचा) रंग, केसवर आधीच पाडलेले ओरखडे, असलं काही असेल तर मी सरळ नको म्हणेन. वर्ष-दोन वर्षांत तुमचे खरे ओरखडे त्यात मिसळतात आणि घड्याळ नुसतं कळकट दिसायला लागतं.

आता मूळ जुन्या घड्याळाकडे येऊ. जुनं चांगलं घड्याळ हातात धरल्याचं समाधान नव्यात येत नाही, हे मी नाकारणार नाही. पण नव्या आवृत्तीच्या किमतीत जर ते मिळत असेल तर ‘हे एवढ्यात कसं मिळतंय?’ हा पहिला प्रश्न विचारायला हवा. टेबलावर येणाऱ्या अशा घड्याळांत मला तीन गोष्टी वरचेवर दिसतात. एक, तबकडी पुन्हा छापलेली. भिंगाखाली अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसतात, छापलेल्या खुणा तासांच्या उठावदार ठोकळ्यांशी सरळ रेषेत नसतात. दुसरी, केसला इतके वेळा बफ मारलेला की पट्टा बसतो त्या टोकांच्या धारदार कडा साबणासारख्या गोल झालेल्या. तो धातू परत येत नाही. तिसरी, काटे दुसऱ्याच काळातले. तबकडीवरचा लेप तपकिरी आणि काट्यांवरचा पांढराशुभ्र असेल तर दोघांचं वय एक नाही. ट्रिटियमची शक्ती साधारण १२ वर्षांत निम्मी होते. त्यामुळे सहाच्या खाली ‘टी स्विस मेड टी’ (टी म्हणजे ट्रिटियम) असं छापलेलं जुनं घड्याळ अंधारात लख्ख आणि बराच वेळ चमकत असेल, तर लेप नंतर कोणीतरी भरलेला आहे.

रेडियमच्या घड्याळाबाबत एक सावधगिरीची सूचना. रेडियमची शक्ती निम्मी व्हायला १,६०० वर्षं लागतात. लेप चमकायचा थांबतो तो त्यातलं रसायन थकतं म्हणून, रेडियम संपतं म्हणून नाही. बंद घड्याळ घालण्यापेक्षा मोठा धोका त्याची भुकटी श्वासात जाण्याचा. म्हणून असं घड्याळ घरी हौसेने उघडू नका, तबकडी खरवडून ‘साफ’ तर मुळीच करू नका.

रोज घालायचं म्हटलं की जुन्या क्रोनोग्राफची आणखी एक मर्यादा येते. घाम, धूळ, पाणी यांच्यापासून त्याला आता जवळपास काहीच संरक्षण उरलेलं नसतं. आणि क्रोनोग्राफचे सुटे भाग, विशेषतः शून्यावर आणणारा हातोडा, क्लचचं चाक, मिनिटाच्या काट्याची नाजूक स्प्रिंग, हे सहज मिळत नाहीत. दुसरं मशीन मोडून काढावे लागतात किंवा हाताने बनवावे लागतात. आठवड्यातून एखादा दिवस, कोरड्या हवेत, लक्ष ठेवून घालणाऱ्याला जुनं घड्याळ शोभतं. तुम्ही ‘रोज’ म्हणालात, तिथेच माझं मत नव्या आवृत्तीकडे झुकलं. जुन्या यंत्रणेची नुसती चव घ्यायची असेल तर एक मधला मार्गही आहे. व्हीनस १७५ या स्विस मशीनची यंत्रसामग्री साठच्या दशकाच्या सुरुवातीला चीनमध्ये गेली, त्यावरून सीगलचं एसटी१९ आलं. हाताने चावी, कॉलम व्हील, आडवा क्लच, आणि नवं कोरं. मोठी खरेदी करण्याआधी असलं एखादं काही दिवस वापरून बघा, बटण दाबण्यातली मजा आपल्याला खरंच हवी आहे का ते कळतं.

नवं असो वा जुनं, पैसे देण्याआधी ही तपासणी करा. घड्याळाला पूर्ण चावी द्या. क्रोनोग्राफ सुरू करून पूर्ण दोन मिनिटं बघत उभे राहा. मधला काटा ६० ओलांडतो तेव्हा मिनिटाचा काटा एका खुणेवरून दुसरीवर गेला पाहिजे. काही मशीनमध्ये तो टुणकन उडी मारतो, काहींत हळूहळू सरकतो, दोन्ही चालतं. दोन खुणांच्या मधे अडकून राहणं चालत नाही. मग थांबवा, शून्यावर आणा, आणि हेच पाच-सहा वेळा करा, दर वेळी काटा वेगळ्या ठिकाणी थांबवून. काटा दर वेळी बाराच्या खुणेपासून सारखाच थोडा बाजूला बसत असेल तर तो बसवतानाच वाकडा बसलाय, किरकोळ काम. दर वेळी वेगळ्या जागी येत असेल तर काटा नळीवर सैल आहे किंवा हातोड्याचं काहीतरी बिनसलंय, ते घड्याळ तसं घेऊ नका. क्रोनोग्राफ चालू असताना शून्याचं बटण दाबू नका, घड्याळ फ्लायबॅक (चालू असतानाच शून्यावर आणता येणारं) असल्याशिवाय. विक्रेत्याकडे टाइमग्राफर (घड्याळाचे ठोके ऐकून मोजणारं यंत्र) असेल तर क्रोनोग्राफ बंद आणि चालू, दोन्ही वेळचा बॅलन्सचा झोका मागा. पूर्ण चावी दिलेल्या निरोगी नव्या मशीनचा सपाट ठेवल्यावर साधारण २७० ते ३०० अंश असतो. आडव्या क्लचच्या मशीनमध्ये क्रोनोग्राफ सुरू केल्यावर २०-३० अंश उतरणं मी मान्य करतो. पन्नास-साठ उतरला तर आत तेल सुकलंय किंवा क्लच फार खोल लागलाय.

भाव चढण्याबद्दल. मी दुरुस्ती करतो, दलाली नाही, तरी जे दिसतं ते सांगतो. ‘मर्यादित’ हा शब्द फार लवचीक आहे. झेनिथचे ५० नग हेही मर्यादित, आणि ब्राइटलिंगच्या त्या नॅव्हिटायमरचे १,९५९ नग हेही. टॅग हॉयरने २०२० मध्ये १६० व्या वर्षाची रुपेरी कॅरेरा काढली तिचे १,८६० नग, कारण कंपनी १८६० ची. आकडा इतिहासातून उचललेला असतो, मागणीचा त्याच्याशी संबंध नसतो. शिवाय ‘क्रमांकित’ आवृत्ती वेगळी. तिच्या प्रत्येक नगावर नंबर असतो, पण एकूण किती निघणार याला मर्यादा नसते. आणि मर्यादित आवृत्ती संपल्यावर तशाच तोंडवळ्याचं घड्याळ नेहमीच्या मालिकेत यायला कोणाची ना नसते. अपोलो १३ च्या स्मरणार्थ २०१५ ची स्नूपी (तबकडीवर त्या कार्टून कुत्र्याचं चित्र असलेली) स्पीडमास्टर १,९७० नगांची होती. २०२० ची पन्नासाव्या वर्षाची स्नूपी मात्र संख्येच्या मर्यादेशिवायच आली. मागणी दोन्हींना जबर राहिली, पण ती स्नूपीमुळे, सगळ्याच वर्धापनदिनांचं नशीब तसं नसतं. म्हणून भावाचा विचार हिशोबातून पूर्ण काढून टाका. तो काढल्यावरही घड्याळ हवंसं वाटत असेल तरच घ्या.

मर्यादित आवृत्तीची खरी अडचण विकताना येत नाही, सर्व्हिसिंगला येते. मशीनचे भाग मिळतील, कारण तेच मशीन कंपनीच्या इतर घड्याळांतही असतं. पण त्या आवृत्तीची खास तबकडी, खास काटे, खास रंगाचं बेझेल हे फक्त तेवढ्या नगांपुरतं बनलेलं असतं. दहा-पंधरा वर्षांनी काट्यावरचा लेप सुटला तर त्याच छटेचा काटा मिळेलच असं नाही, आणि नेहमीच्या मालिकेतला पांढरा काटा बसवला तर घड्याळाचं सगळं वेगळेपण गेलं. त्यामुळे घेतानाच विचारा की या आवृत्तीचे तबकडी-काटे कंपनी राखून ठेवते का, आणि किती काळ. आणि पाच ते आठ वर्षांनी सर्व्हिसिंगला टाकाल तेव्हा पावतीवर लिहून घ्या: केसला पॉलिश करू नये, विचारल्याशिवाय कोणताही बाहेरचा भाग बदलू नये, बदललेला प्रत्येक भाग परत द्यावा. तोंडी सांगितलेलं काउंटरवरून आतल्या टेबलापर्यंत पोचत नाही.

हे सगळं वाचूनही मन जुन्याकडेच ओढत असेल तर माझी एकच अट. विक्रेत्याकडून मागचं झाकण उघडून मशीनचे स्वच्छ उजेडातले फोटो आधी मागवा, त्यात क्लच आणि हातोडा दिसायला हवेत, आणि झाकणाच्या आतल्या बाजूचा नंबरही. ‘झाकण उघडलं तर किंमत जाईल’ असं उत्तर आलं, तर तो व्यवहार तिथेच सोडा.